घरी गरजणारा टोन जॅमरूममध्ये गायब का होतो? (पीव्ही ६५०५ अँप, ड्रॉप डी ट्यूनिंग)

ऐरोलीचा_रिफवाला

मंडळी, लाज सोडून विचारतोय.

वय ४१, नोकरी रबाळ्याला. गिटार कॉलेजपासूनची, पण मधली बारा वर्षं माळ्यावर होती. दोन वर्षांपूर्वी जुने चौघे पुन्हा जमलो. दर रविवारी सकाळी तुर्भ्याला एमआयडीसीतल्या एका गाळ्यात जॅमिंग करतो. खोली १० बाय १२, भिंतींना अंड्यांचे ट्रे, कोपऱ्यात त्यांचा चार स्पीकरवाला कॅब (स्पीकरचा खोका). मालक भला आहे, तासाच्या वर दहा मिनिटं झाली तरी दार वाजवत नाही.

गेल्या दिवाळीत स्वतःलाच पीव्हीचं ६५०५ हेड (स्पीकर नसलेला नुसता अँप) भेट दिलं. सेकंडहँड. बायकोला वजन सांगितलं, वीसेक किलो. किंमत अजून सांगितलेली नाही. घरी एका १२ इंची व्हिंटेज ३० स्पीकरचा कॅब आहे, त्याच्यावर रात्री जेवणाआधी तासभर वाजवतो. लीड चॅनल, प्री (म्हणजे गेन) ८, लो ८, मिड १, हाय ८, रेझोनन्स (खालची घुमी) ८, प्रेझेन्स (वरची धार) ८, पोस्ट (म्हणजे व्हॉल्यूम) जेमतेम अर्ध्या आकड्यावर. शपथेवर सांगतो, घरी असा आवाज येतो की आपण कुठल्या तरी स्टेडियमवर उभे आहोत असं वाटतं. हॉलच्या खिडकीची काच थरथरते.

हेच सेटिंग जसंच्या तसं तुर्भ्याला लावलं, पोस्ट ३ वर नेला. एकटा वाजवला तेव्हा सगळे म्हणाले, बाप रे. ड्रमरने पहिला ठोका दिला आणि माझी गिटार गेली. खरंच गेली. कुकरची शिटी व्हायच्या आधी जो फुस्स आवाज येतो तेवढाच उरला. पोस्ट ४ वर नेला, ड्रमर आणखी जोरात. ५ वर नेला तर समोर बसलेला बेसवाला कान धरून उठला, आणि मला मात्र माझा पाम म्यूट (तळहाताने तार दाबून मारलेला ठोका) अजूनही ऐकू येत नव्हता. ड्रमरने दाराजवळ फोन ठेवून रेकॉर्ड केलं, त्यात मी म्हणजे डबीत कोंडलेला भुंगा.

आणखी दोन तक्रारी. खालच्या तारेवर (ड्रॉप डी, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवलेली) चौथ्या-पाचव्या फ्रेटला आलो की अख्खी खोली गुरगुरते, इतर फ्रेटना नाही. आणि दोन रिफच्या मधे थांबलो की सूंऽऽ असा आवाज.

बेसवाला म्हणतो पेडल घे. ड्रमर म्हणतो दुसरा अँप घे. तीन आठवड्यांनी वाशीच्या एका पबमध्ये चाळीस मिनिटं मिळाली आहेत. घरात आणखी एक खोका आणायची माझी पत उरलेली नाही. नॉब फिरवून काही होईल का?


घोडबंदर_ग्राइंड

मिड १??

दादा, पुढचं वाचलंच नाही. मिड ६. गेन अर्धा. धागा बंद करा.


जुनाट_व्हॉल्व्ह

ग्राइंडसाहेबांचं उत्तर बरोबर आहे, पण असं उत्तर मिळालं की माणूस मिड ६ करतो, घरी वाजवून बघतो, "छ्या, नाकातून येतोय" म्हणतो आणि पुन्हा १ वर आणतो. म्हणून जरा लांबण लावतो. मी वागळे इस्टेटला अँप दुरुस्त करतो. त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रांच्या साउंडवर होतो, त्यामुळे लांबण लावायची सवय आहे.

रिफवाले, तुम्ही घरी सेटिंग कानानेच लावलंत, आणि कानानेच दगा दिला. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि अगदी वरची टोकंही कमी येतात. मधला भाग मात्र ठीक येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ साली मोजून मांडलंय. त्यामुळे हळू वाजवताना लो आणि हाय आठवर नेल्याशिवाय पोट भरत नाही, आणि मिड उगाच मधे मधे करतोय असं वाटतं. तोच पॅनल पोस्ट ३ वर नेलात की कानाची ती खोड बऱ्यापैकी मिटते. तुम्ही चढवलेलं लो-हाय मात्र तसंच राहतं आणि मधे खड्डा. त्या खड्ड्याच्या खालच्या काठावर किक (पायाने वाजवायचा ड्रम) आणि बेस बसलेत, वरच्या काठावर झांजा. गिटारचं घर म्हणाल तर तो खड्डाच. तुम्ही स्वतःचं घर खणून काढलंत आणि शेजाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसलात.

"पण मोठ्या बँडांच्या रेकॉर्डवर तर असाच खणलेला आवाज असतो" असं तुम्ही म्हणणार. तिथे तीच रिदम दोनदा, कधी चारदा वेगवेगळी वाजवून डाव्या-उजव्या बाजूला ठेवलेली असते आणि खालचा भार बेसने उचललेला असतो. तुम्ही एकटे आहात, एका कोपऱ्यात.

आता काय करायचं. एकटे वाजवत असताना नॉबला हात लावायचा नाही. ही माझी एकच अट आहे. ड्रमर आणि बेसवाला सुरू होऊ देत, एकच रिफ घोळवत ठेवा आणि मोकळ्या तारेवर भागेल अशी रिफ निवडा, म्हणजे उजवा हात झटके देत असताना डाव्या हाताने नॉब फिरवता येतो. लो, मिड, हाय तिन्ही ५ वर. रेझोनन्स, प्रेझेन्स ३-४. पाचवर सगळं सपाट असतं हा एक गोड गैरसमज आहे. हा टोन स्टॅक (लो-मिड-हायचं सर्किट) पॅसिव्ह असतो, तो फक्त कापतो, स्वतःहून काही घालत नाही. शिवाय तिन्ही नॉब एकमेकांच्या पायात पाय घालून उभे असतात, हाय हलवला की मिडचाही मुक्काम हलतो. तेव्हा पाच ही फक्त निघायची जागा.

पहिला गेन. लीडचा प्री शून्यावर आणा आणि खालून वर या. पाम म्यूट "चग्" असा बंद व्हायला लागला, तार धरून ठेवायला लागली, की थांबा. या अँपवर बहुतेकांचा हात ३ ते ४ च्या मधे थांबतो. मामलेदारची मिसळ खाल्ली असेल तुम्ही. तर्री आणखी, आणखी करत गेलं की एका क्षणी फरसाणाचा कुरकुरीतपणा संपतो आणि वाटीत नुसता तिखट लगदा उरतो. गेन ८ ला तेच होतं. सिग्नल इतका चेपला जातो की पिकचा टोकदार भाग आणि त्यामागची शेपटी एकाच उंचीची होते. ड्रमच्या ठोक्यासमोर टोक नसलेला आवाज ऐकू येणार कसा? आणि जाता जाता, रिफच्या मधला सूंऽऽ निम्मा इथेच मरेल. उरला तर गिटारचा व्हॉल्यूम शून्य करून बघा. आवाज गेला तर तो पिकअपने उचललेला आहे, ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरपासून दूर फिरून उभे राहा. नाही गेला तर अँपमधला किंवा लाइनमधला. गाळ्याची अर्थिंग तपासायला सांगा मालकाला. अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला देणारे महाभाग भेटतील, त्यांना माझ्याकडे पाठवा, मी त्यांना एक अँप आतून दाखवतो. आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटर काही वेळ धरून बसतात.

मग मिड. वर नेत जा, स्वतःला ऐकू येईपर्यंत. एकट्याला तो आवाज नाकातला वाटेल. वाटू दे. बँडमधे तो नाकातला राहत नाही, कारण नाकाखालचं सगळं बेस देतो आणि नाकावरचं झांजा देतात.

लो नॉबबद्दल एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर आयुष्यभर फिरवत बसाल. ६५०५ मधे टोनचे नॉब डिस्टॉर्शनच्या नंतर येतात. खर्ज आधीच गेनच्या टप्प्यात जाऊन चिखल झालेला असेल तर लो कमी केल्याने चिखल कमी ऐकू येतो, पण राहतो चिखलच. मेसा बूगी कंपनीच्या मार्क मालिकेतल्या अँपमधे उलट आहे, तिथे नॉब गेनच्या आधी. म्हणून मार्कवाले बेसचा नॉब १-२ वर ठेवतात आणि हवा तो खर्ज नंतर ग्राफिक इक्वलायझरमधून घेतात. त्यांचे आकडे फोटोवरून उतरवून तुमच्या अँपवर लावले तर काहीच्या काही होणार. तुमच्याकडे चिखल आधीच थांबवायचा उपाय म्हणजे अँपच्या पुढे एक ट्यूब स्क्रीमर पेडल, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. तो ७२० हर्ट्झच्या आसपास उठाव देतो आणि त्याखाली उतार. म्हणजे गेनमधे शिरण्याआधीच खर्ज गाळला जातो, आणि गेलेलं वजन नंतर लो आणि रेझोनन्समधून परत आणता येतं. तुमची पत संपलीये म्हणालात, तर बेसवाल्याकडे पडलेला असेल एखादा, मागून घ्या. पण आधी त्याच्याशिवाय लावा.

रेझोनन्स आणि प्रेझेन्स शेवटी, खऱ्या आवाजाला. हे दोन्ही पॉवर अँपच्या फीडबॅकवर काम करतात, घरी पोस्ट अर्ध्या आकड्यावर असताना त्यांचं खरं रूप दिसतच नाही.

आता ज्याने तुमच्या बेसवाल्याचे कान गेले ते. १२ इंची स्पीकरमधून वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, बाजूला पसरत नाहीत. कॅब जमिनीवर, तुमच्या गुडघ्याला ऐकवतोय. तुम्ही गुडघ्याने ऐकत नाही, म्हणून हाय ८, प्रेझेन्स ८. समोर स्टुलावर बसलेल्याच्या मात्र थेट कानात ती सुई. कॅब उचला. एपीएमसीच्या बाहेर भाजीचे प्लास्टिकचे क्रेट मिळतात, दोन घ्या, पालथे घाला, वर कॅब. स्वतः कॅबच्या समोर या आणि मग हाय लावा. बघा कितीवर थांबता. माझं भाकीत, ५ च्या खाली.

चौथ्या-पाचव्या फ्रेटची गुरगुर तुमच्या गिटारची नाही, खोलीची आहे. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, तेवढ्या लांबीत ४७ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट ९४ हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते. ड्रॉप डीला चौथा फ्रेट एफ शार्प म्हणजे साडेब्याण्णव हर्ट्झ, पाचवा जी म्हणजे ९८. बरोबर मांडीवर जाऊन बसताय. त्यात कॅब कोपऱ्यात. कोपरा खर्ज फुगवतो. दोन-तीन फूट बाहेर ओढा, लो थोडा उतरवा. अंड्यांचे ट्रे यात काडीची मदत करत नाहीत. ते पातळ पुठ्ठ्याचे असतात, वरचा किंचित चटका कमी करतात, ९४ हर्ट्झची लाट त्यांच्यातून हसत निघून जाते. त्या ट्रेंवर मी एकदा स्वतंत्र धागा काढणार आहे.

आणि ड्रमरचं "दुसरा अँप घे" मनावर घेऊ नका. १२० वॉट आणि ६० वॉट यांच्यात फरक पडतो ३ डेसिबलचा. वॉटांनी तुमचा प्रश्न सुटणार नाही.

जॅमरूमच्या कॅबच्या मागे किती ओहम लिहिलंय ते बघून हेडच्या मागचा खटका तिथे लावता ना? आणि कॅब जोडल्याशिवाय हेड चालू करत नाही ना? नाही म्हणजे विचारून ठेवतो.


चार_तारा

कोपरखैरणेहून एक बेसवाला. काकांच्या पोस्टला फ्रेम करून प्रत्येक जॅमरूममध्ये लावायला हवं.

आमची बाजू कोणी मांडत नाही म्हणून मांडतो. ड्रॉप डीला तुमची खालची तार ७३ हर्ट्झ. माझी त्याच्या बरोबर निम्मी, साडेछत्तीस-सदतीस. बहुतेक बेस कॅबना तो मूळ सूर धडपणे झेपत नाही, लोकांना जो बेस ऐकू येतो तो त्याच्या वरचा, म्हणजे पुन्हा ७३. तुम्ही लो ८ आणि रेझोनन्स ८ ठेवलंत की आपण दोघं लोकलच्या चौथ्या सीटवर एकाच वेळी बसतो. तुम्ही पडता, मीही पडतो.

आमच्यात एक चाचणी करतो. ड्रमरला चहाला पाठवायचं. फक्त गिटार आणि बेस, एकच रिफ. गिटारवाल्याने लो हळूहळू उतरवायचा. मधेच मी थांबतो. मी थांबल्यावर गिटार जरा उपाशी, हडकुळी वाटली पाहिजे. धष्टपुष्ट वाटली तर अजून उतरवायचा. आमच्या गिटारवाल्याला हे पटायला दीड वर्ष लागलं आणि तो इंजिनीअर आहे.


कोलशेत_रोडवरून

घरच्या बाजूबद्दल थोडं, कारण तिथूनच सगळं सुरू झालंय. मी बाराव्या मजल्यावर राहते, खाली एक आजोबा आहेत ज्यांचं निजण्याचं वेळापत्रक आकाशवाणीसारखं पक्कं आहे. निवासी भागात नियमाने दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० नंतर ४५. ट्यूब हेड एकवर ठेवलं तरी ५५ कधीच मागे पडतं. मी रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स (कॅबच्या जागी जोडायचा आवाज न करणारा डबा) घेतला, हेड त्यात, तिथून कॅबचं आयआर (कॅबच्या आवाजाची डिजिटल नक्कल) आणि हेडफोन. पण हेडफोनवर लावलेला टोनही तितकाच खोटा असतो, फक्त वेगळ्या पद्धतीने. तेव्हा घरी बोटांचा सराव करावा, टोनचा नको. मास्किंग टेपचे दोन रंग घ्या, घरचं सेटिंग एका रंगाने, जॅमचं दुसऱ्याने. मी पिवळा आणि निळा वापरते.

पबबद्दल एक. तिथे कॅबसमोर माइक लावतील, बहुधा एसएम५७ नावाचा. तो स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर लावला तर टोचरा, कडेकडे सरकवला तर गडद. दोन बोटं सरकवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा तुमचा हायचा नॉब दोन आकड्यांनी फिरवून पडत नाही. साउंडवाल्याला आधीच जाऊन भेटा आणि नम्रपणे बोला. "दादा, टोपीच्या कडेला लावाल का" एवढंच. नॉब वगैरे सांगायला गेलात तर तो मान हलवेल आणि काहीच करणार नाही, अनुभव आहे.

आणि तुमचं ते लीड-रिदम दोन्ही चॅनलला एकच इक्यू असलेलं जुनं मॉडेल ना? ६५०५ प्लसवाल्यात वेगवेगळे आहेत. मिड ६ केल्यावर क्लीन भागही एकदा ऐकून ठेवा, पबमध्ये धक्का नको.


ऐरोलीचा_रिफवाला

आत्ताच तुर्भ्याहून आलो, अंघोळ करून लगेच लिहितोय. काका, ओहमचा खटका बरोबर होता, बघा, एक तरी गोष्ट धड केली होती. आणि हो, जुनंच मॉडेल.

शनिवारी संध्याकाळी वाशीला जाऊन क्रेट आणले. दोन क्रेट आणि मी, ट्रान्स-हार्बरला, लोकांना वाटलं फेरीवाला आहे. कॅब वर चढवला, कोपऱ्यातून बाहेर ओढला, समोर येऊन उभा राहिलो आणि जुन्या सेटिंगवर एक कॉर्ड मारली. आई शप्पथ. बेसवाला दिवाळीपासून हे सहन करत होता आणि काही बोलला नाही. त्याला मी चहा आणि समोसा दिला.

मग अट पाळली. दोघं वाजवत असतानाच नॉब. प्री साडेतीनवर थांबला. मिड आधी ५, मग ६, शेवटी ७ जवळ. हाय ४ (काका, भाकीत खरं ठरलं). चार_तारा यांची चाचणी केली, लो ४ वर आला, रेझोनन्स ५. प्रेझेन्स ४. पोस्ट ३ च्या खाली आणि मी ऐकू येत होतो! ड्रमर न सांगता हळू वाजवायला लागला, हे सगळ्यात भारी. गुरगुर आहे अजून, पण आता फक्त पाचव्या फ्रेटला आणि सहन होते. क्लीनही ऐकला, जरा जाड झालाय. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की चालतो.

आता वाईट बातमी. ड्रमरचा फोन पुन्हा दाराजवळ ठेवला होता. यावेळी सगळं स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे सगळंच. दुसऱ्या गाण्यातल्या गॅलपमधे (घोड्याच्या टापांसारखे तीन-तीन स्ट्रोक) माझा तिसरा स्ट्रोक दर वेळी उशिरा येतो. दर वेळी. गेन ८ च्या चादरीखाली दिवाळीपासून हे झाकलेलं होतं. बेसवाला म्हणाला, "मला वाटायचं तू मुद्दाम स्विंग देतोस."

क्षणभर वाटलं, प्री परत ८ करावा. मग मेट्रोनोम काढला. मिनिटाला ९० ठोक्यांपासून सुरुवात केलीये, गाणं १४० चं आहे. तीन आठवडे.


घोडबंदर_ग्राइंड

म्हटलं होतं ना मिड ६. तुम्ही ७ केलात, माझा अपमान.

पबचं नाव कळवा, ठाण्याहून तिघं येतो.


जुनाट_व्हॉल्व्ह

छान. पण १४० ला पोचलात की प्री पुन्हा एकदा बघा. हात बसला की अजून अर्धा आकडा खाली येतो, बहुतेकांचा येतो.

क्रेट कसले आणलेत? पबमध्ये न्यायचे तर कांद्याचे नकोत, एसीत वास मारतात.


ऐरोलीचा_रिफवाला

टोमॅटोचे. दोनदा धुतलेत.